एक्स-रे चांगला, पण कपडा पिळवत नाही

पडताना हात टेकला, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले. प्लास्टर निघाल्यावर फोटो काढला, डॉक्टर म्हणाले, ‘छान जुळलंय.’ त्याला आता तीन-चार वर्षं झाली. पोळ्या लाटता येतात, कप उचलता येतो, मोबाइल चालवता येतो. पण ओला टॉवेल पिळायला घेतला की करंगळीच्या बाजूला कळ जाते. दुधाचं भरलेलं पातेलं तिरकं करून ओतायचं म्हटलं की हात कचरतो. परत फोटो काढला तर परत तेच उत्तर: हाड जुळलेलं आहे, काही नाही. मग घरात कुणीतरी म्हणतं, वय झालं. आणि कुणीतरी म्हणतं, मनाचे खेळ.

यात फोटोचा दोष नाही. एक्स-रेवर हाड उमटतं. हाडांच्या टोकावरची कूर्चा, हाडाला हाड बांधणारे लिगामेंट, बोटं ओढणाऱ्या दोऱ्या म्हणजे टेंडन, आणि नर्व्ह म्हणजे मज्जातंतू, यांतलं काहीच उमटत नाही. हात टेकताना बसलेला दणका मात्र या सगळ्यांतून गेलेला असतो. ‘हाड जुळलं’ हे उत्तर बरोबर असतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं.

मनगटाजवळ रेडियस हाड मोडण्याच्या सगळ्यात नेहमीच्या प्रकाराला कोलिस फ्रॅक्चर म्हणतात. डब्लिनचे सर्जन अब्राहम कोलिस यांनी १८१४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी. हात वाकडा राहिला तरी कालांतराने तो पूर्ण हलू लागतो आणि दुखणं अजिबात उरत नाही, असा दिलासा त्यांनी त्यात दिला होता. बहुतेकांच्या बाबतीत तो खरा ठरतो. साठी-सत्तरीतल्या कितीतरी बायकांचं मनगट थोडं वाकडं जुळलेलं असतं आणि त्यांचं काही अडत नाही. हा लेख उरलेल्यांसाठी आहे.

एका बोटाने दाखवा

‘सगळं मनगट दुखतं’ या तक्रारीचं पुढे काही होत नाही. म्हणून आधी एक काम करा. ज्या हालचालीने हमखास दुखतं ती हालचाल करा आणि लगेच दुसऱ्या हाताच्या एका बोटाने जागा दाखवा. दिवसातून तीनदा, आठवडाभर. जागा दरवेळी तीच आली तर ते दुखणं बहुतेक एखाद्या ठरावीक भागाचं असतं आणि तो भाग शोधता येतो. बोट दरवेळी वेगळीकडे जात असेल, किंवा पंजाच फिरवून दाखवावा लागत असेल, तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे नंतर येऊ.

दुखण्याला आपल्याकडे शब्द भरपूर आहेत, ते वापरा. डॉक्टरांसमोर गेलं की माणसं सगळं सोडून ‘पेन होतं’ एवढंच म्हणतात. कळ आणि चमक हालचालीबरोबर येते आणि जाते. ती सांध्याची किंवा लिगामेंटची असण्याची शक्यता जास्त. रग लागते ती काम झाल्यावर. कुरकुर बोटाखाली जाणवते, ती टेंडन घासल्याची. आग, मुंग्या, बधिरपणा, कपड्याचा नुसता स्पर्श न सोसणं ही नर्व्हची भाषा. रात्री स्वस्थ पडलं असताना ठणका लागत असेल तर ते मुद्दाम सांगा. आणि ‘नस दबली’ हा शब्द तेवढा टाळा. आपण शिरेलाही नस म्हणतो, मज्जातंतूलाही आणि कधीकधी टेंडनलाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही.

करंगळीची बाजू

वर्षानुवर्षं रेंगाळणारं दुखणं सगळ्यात जास्त इथेच सापडतं, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

कोपरापासून मनगटाकडे दोन हाडं येतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस मनगटाशी रुंद होतं, करंगळीच्या बाजूचं अल्ना निमुळतं. मोडतं ते बहुधा रेडियस. मोडताना त्याचं टोक आतून चेपतं, आणि प्लास्टरमध्ये असतानाही ते आणखी थोडं खाली बसू शकतं. हाड जुळतं, पण दोन-तीन मिलीमीटर आखूड होऊन. अल्ना आहे तेवढंच राहतं, म्हणजे तुलनेने लांब. पाटाचा एक पाय झिजला की उरलेल्यांवर भार येतो तसं इथे होतं. दोन्ही हाडं सारख्या लांबीची असताना अल्नावर साधारण १८ टक्के भार येतो. अल्ना अडीच मिलीमीटर लांब ठरलं की तोच भार ४० टक्क्यांच्या वर जातो, असं प्रयोगशाळेतल्या मोजमापांत दिसलं आहे. फोटोत अडीच मिलीमीटर नजरेत भरत नाही. ‘छान जुळलंय’ म्हणणाऱ्याने ते मोजलेलं असेलच असं नाही.

हा वाढीव भार पडतो तो अल्नाच्या डोक्यावर पसरलेल्या तिकोनी गादीवर. डॉक्टर तिला टीएफसीसी म्हणतात. हीच गादी दोन्ही हाडांना टोकाशी एकमेकांना बांधून ठेवते. पडताना ती फाटलेली असू शकते, किंवा नंतर भाराने झिजते. मूठ आवळून हात फिरवला, म्हणजे पिळणं, किल्ली फिरवणं, बरणीचं झाकण उघडणं, की तिच्यावर ताण येतो. मूठ आवळल्यावर आणि तळहात खाली वळवल्यावर अल्ना आणखी एखादा-दीड मिलीमीटर पुढे सरकतं. कप उचलताना काही होत नाही आणि टॉवेल पिळताना कळ जाते, ते यामुळे.

घरी तपासायच्या तीन गोष्टी. पहिली: कोपर टेबलावर टेकून हात उभा धरा. करंगळीच्या रेषेत खाली येत मनगटापाशी हाडाचं टोक लागेल, आणि त्याच्या तळहाताकडच्या अंगाला एक जाड दोरी. टोक आणि दोरी यांच्यामधला मऊ खळगा बोटाच्या टोकाने दाबा. मग दुसऱ्या हातावर तेच करा, कारण तिथे थोडं सगळ्यांनाच दुखतं. तुमचं नेहमीचं दुखणं, अगदी तेच, तिथे सापडलं तर संशय पक्का. दुसरी: खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकून उठा आणि कळ कुठे येते ते बघा. तिसरी मोजमापाची: काट्याचा वजनकाटा कमरेएवढ्या टेबलावर ठेवा, कोपर सरळ ठेवून तळव्याने हळूहळू दाबा आणि दुखू लागताच किलो वाचा. तीनदा करून मधला आकडा लिहा. दुखरा हात ८ किलोवर थांबतो आणि चांगला २५ वर, असं दिसलं तर तो आकडा डॉक्टरांना शंभर शब्दांपेक्षा जास्त सांगतो, आणि दोन महिन्यांनी सुधारणा झाली की नाही हेही त्यावरूनच कळतं.

एक्स-रे काढायचाच असेल तर नीट मागून घ्या: दोन्ही मनगटांचा, खांदा आणि कोपर दोन्ही ९० अंशांत ठेवून समोरून एक, बाजूने एक, आणि मूठ घट्ट आवळून एक. हात जरा फिरला तरी अल्नाची लांबी वेगळी मोजली जाते, म्हणून ही काटेकोर पद्धत. रेडियसच्या टोकाचा उतार समोरून सुमारे २२ अंश असतो, आणि बाजूने बघितलं तर ते तळहाताकडे सुमारे ११ अंश झुकलेलं असतं. ते उलट, म्हणजे हाताच्या पाठीकडे १० अंशांहून जास्त कललेलं असेल किंवा ३ मिलीमीटरहून जास्त आखूड असेल, तर विचार करायला जागा आहे. चांगल्या हाताशी तुलना मात्र हवीच, कारण काहींचं अल्ना जन्मतःच लांब असतं.

रिपोर्टमध्ये ‘अल्नर स्टायलॉइड नॉन-युनियन’ वाचून पुष्कळ लोक घाबरतात. अल्नाच्या टोकाचा तो छोटा तुकडा रेडियसबरोबर बऱ्याचदा मोडतो आणि पुष्कळदा जुळत नाही. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. एमआरआयचंही तसंच. चाळिशीनंतर टीएफसीसीला भोक किंवा चीर कितीतरी निरोगी, न दुखणाऱ्या मनगटांतही दिसते. चित्रात दिसलं म्हणजे तेच दुखतंय असं नाही. बोटाने दाखवलेली जागा आणि चित्रातली जागा जुळली पाहिजे.

बाकीच्या जागा

अंगठा ताणून वर उचलला की त्याच्या बुडाशी दोन दोऱ्यांमध्ये खळगा पडतो. तिथे खोल दुखत असेल तर स्कॅफॉइड हाड बघायला हवं. काजूच्या आकाराचं हे हाड मोडलं तरी पहिल्या दिवशीच्या फोटोत पुष्कळदा दिसत नाही. म्हणून १०-१४ दिवसांनी परत फोटो किंवा आधीच एमआरआय करायचा असतो. ‘लचक भरली’ म्हणून सोडून दिलेलं स्कॅफॉइड न जुळता राहतं आणि काही वर्षांनी सांधा झिजवतं. विशी-तिशीतल्या मुलाचं जुनं मनगट दुखत असेल तर माझा पहिला संशय यावर असतो, रेडियसवर नाही. पन्नाशीपुढच्या बाईचं अंगठ्याच्या अगदी मुळाशी दुखत असेल तर तो बहुधा अंगठ्याच्याच सांध्याचा संधिवात. तो फ्रॅक्चरच्या आधीपासून असतो, नाव फ्रॅक्चरचं होतं.

मनगटाच्या पाठीवर मधोमध, दंड काढताना किंवा सूर्यनमस्कारात हात टेकल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड आणि शेजारचं ल्युनेट यांना बांधणारं लिगामेंट तुटलेलं असू शकतं. मूठ आवळून काढलेल्या फोटोत दोन हाडांमध्ये फट रुंदावलेली दिसते; ३ मिलीमीटरच्या पुढे गेली तर गंभीरपणे घ्यावी.

हाड जोडायला ऑपरेशन करून प्लेट बसवली असेल तर प्रकरण वेगळं. प्लेट तळहाताच्या बाजूने असते आणि तिच्यावरूनच अंगठा वाकवणारं टेंडन जातं. प्लेट हाडाच्या कडेपुढे आलेली असेल तर टेंडन तिच्यावर घासत राहतं. बाजूने काढलेला फोटो घ्या, हाडाच्या तळहाताकडे सगळ्यात पुढे आलेल्या बिंदूला टेकवून हाडाच्या दांड्याला समांतर रेघ ओढा. प्लेट त्या रेघेच्या पुढे असेल आणि अंगठा वाकवताना कुरकुर जाणवत असेल तर लवकर दाखवा. ते टेंडन काही वर्षांनीही तुटतं, आणि मग अंगठ्याचं पेर वाकतच नाही. उलट बाजूने, लांब पडलेल्या स्क्रूचं टोक हाताच्या पाठीवरच्या टेंडनला टोचतं. साध्या फोटोत हे लपतं, सीटी स्कॅनमध्ये किंवा सोनोग्राफीत दिसतं.

‘प्लेट काढून टाका, बरं वाटेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. प्लेट एखाद्या ठिकाणी घासते आहे हे सिद्ध झालं असेल तरच तो चांगला. नुसतं दुखतं म्हणून काढली तर दुखणं राहण्याची शक्यता बरीच असते. टायटॅनियमचे लॉकिंग स्क्रू काही वर्षांनी प्लेटमध्ये जाम होतात, डोकं झिजतं, कापून काढावे लागतात. काढल्यावरही स्क्रूची भोकं भरेपर्यंत दीड-दोन महिने जड उचलायचं नाही.

आता नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होत असेल, रात्री हात झटकून उठावं लागत असेल तर कार्पल टनेल, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नर्व्ह दबणं. मनगट पूर्ण वाकवून ६० सेकंद धरा. मुंग्या आल्या तर नर्व्ह कंडक्शन तपासणी करून घ्या. हाड धरून ठेवायला तारा घातल्या होत्या त्या जागी, अंगठ्याच्या पाठीकडे, नुसत्या टिचकीने झिणझिण्या धावत असतील तर कातडीखालची एक बारीक नर्व्ह व्रणात अडकली आहे. घड्याळाचा पट्टा किंवा पाटली सोसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत ही सापडते. आणि मान वळवल्यावर हाताचं दुखणं बदलत असेल तर मनगट सोडून मानेकडे बघा. हात बरेच दिवस झोळीत राहिला की खांदाही आखडतो. हात मागे नेऊन परकराची नाडी बांधता येते का, एवढं बघितलं तरी पुरतं.

जागा सापडतच नाही तेव्हा

हात सुजतो, रंग बदलतो, एकदा गरम तर एकदा गार लागतो, घाम वेगळा येतो, केस-नखं वेगळी वाढतात, आणि दुखणं मूळ इजेच्या मानाने फारच जास्त असतं. याला सीआरपीएस म्हणतात. हॅम्बर्गचे सर्जन पाउल झुडेक यांनी १९०० मध्ये यातल्या हाडाच्या विरळपणाचं वर्णन केलं, म्हणून जुने डॉक्टर अजून झुडेक म्हणतात. हा बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतो. तेव्हा कुणी ओळखला नाही आणि हात आखडून बसला, असं पुष्कळदा झालेलं असतं. अशा हाताला जोरजोराने चोळणं, ओढून बोटं वाकवणं, हाडवैद्याकडे ‘बसवून घेणं’ हे सगळं आगीत तेल.

सूज नाही, रंग नाही, जागा नाही, तरीही दुखतं, असेही काही राहतात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मज्जासंस्था तेच करते. अनेक महिने दुखण्याचे निरोप पोचवून ती साध्या स्पर्शाला आणि साध्या हालचालीलाही दुखणं म्हणू लागते. हे दुखणं खरं असतं, फक्त ते आता मनगटातून येत नसतं. इथे ऑपरेशन करणं म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. उपयोगी पडतं ते असं: कापूस, मग मलमल, मग सुती कापड, मग टॉवेल, प्रत्येक दोन मिनिटं, दिवसातून चार वेळा. सोसू लागलं की डब्यातल्या तांदळात हात घालून बोटं हलवा, नंतर राजम्यात. आरशात चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुखऱ्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा उभा ठेवून पाच-पाच मिनिटं हालचाली करणं हा व्यायामही फिजिओथेरपिस्ट शिकवतात. सोपा वाटतो, पण काहींचं दुखणं तो आधी वाढवतो, म्हणून पहिल्यांदा त्यांच्यासमोरच करावा. गोळ्यांमध्ये ॲमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत रात्री, किंवा प्रीगाबालिन वगैरे देतात. प्रीगाबालिनने गरगरतं, झोप येते, पाय सुजतात, आणि ती एकदम बंद करायची नसते. मेडिकलवाल्याकडून स्वतः घेऊन महिनोन्‌महिने चालू ठेवायची गोष्ट ही नाही.

हाताला काम कसं द्यायचं

आधी हालचाल मोजा. नमस्कार करा आणि तळवे चिकटलेले ठेवून कोपरं वर उचला. मग उलट, हातांच्या पाठी एकमेकींना लावून कोपरं खाली न्या. कोणत्या बाजूला किती कमी पडतं ते लगेच दिसतं. रोजच्या बहुतेक कामांना मागे ४० अंश, पुढे ४० अंश पुरतात, त्यामुळे तेवढं मिळालं तर उरलेल्यासाठी हाताशी झगडू नका.

हात फिरवण्याच्या ताकदीसाठी लाटणं उत्तम. कोपर अंगाला चिकटवून ९० अंशांत, लाटणं मुठीत उभं, आणि सावकाश दोन्ही बाजूंना झुकवायचं. मधोमध धरलं तर हलकं, टोकाला धरलं तर जड. वजन बदलायची गरजच नाही. १० वेळा, तीन खेपा, एक दिवसाआड. मनगट वर-खाली करण्यासाठी अर्ध्या लिटरची भरलेली बाटली पुरते. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वीवर आलं पाहिजे. नाही आलं तर फेऱ्या एक-तृतीयांश कमी करा, बंद करू नका. बंद करणं आणि मग रविवारी उत्साहाने दुप्पट करणं, यात कितीतरी मनगटं फुकट जातात.

कामं थोडी बदला. टॉवेल नळाभोवती अडकवून, मनगट सरळ ठेवून ओढत पिळा. कणीक तळव्याच्या टाचेने दाबण्याऐवजी मुठीने मळा आणि परात खाली ठेवा, म्हणजे अंगाचा भार वापरता येतो. कुकर वरून धरून उचलण्यापेक्षा दोन्ही हात खालून घाला. करंगळीच्या बाजूच्या दुखण्यात अल्नाच्या डोक्याला आवळून धरणारा पट्टा पुष्कळांना मानवतो. वजनकाट्यावर पट्टा लावून आणि न लावता दाबून बघा, फरक पडला तरच घ्या. आणि तो कामापुरताच. दिवसभर बांधून ठेवलेलं मनगट आणखी लुळं पडतं.

थंडी-पावसात दुखतं, यावर वैद्यकशास्त्रात एकमत नाही, पण नर्व्हला इजा झालेल्या हाताला गारठा बाधतो हे पक्कं. सकाळी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात आणि लोकरीचा मनगटपट्टा, एवढ्याने भागतं. मिश्री किंवा तंबाखू चालू असेल तर ती सोडल्याशिवाय हाडाच्या कुठल्याही नव्या ऑपरेशनचा विचार करू नका. निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो आणि कधी जुळतच नाही.

सुई, मग सुरी

ऑपरेशन सुचवलं गेलं तर आधी एक साधी गोष्ट विचारा: संशयाच्या जागी नुसत्या भुलीचं इंजेक्शन देता येईल का? एक-दोन मिलीलिटर लिग्नोकेन नेमक्या सांध्यात गेलं आणि पुढच्या तासाभरात नेहमी दुखणारं काम न दुखता झालं, तर जागा बरोबर आहे. दवाखान्यात जाताना ओला टॉवेल सोबत न्या आणि तिथेच पिळून बघा. काहीच फरक पडला नाही तर त्या जागेवर सुरी चालवायची घाई करू नये. सोबत स्टेरॉइड दिलं असेल तर त्याचा परिणाम दिवसांनी येतो. निदानासाठी पहिले एक-दोन तासच धरायचे.

लांब ठरलेलं अल्ना दोन-तीन मिलीमीटर कापून आखूड करणं, वाकडं जुळलेलं रेडियस पुन्हा कापून सरळ करणं, दुर्बिणीतून फाटकी गादी शिवणं, ही सगळी चांगली ऑपरेशनं आहेत. योग्य माणसावर झाली तरच.

थांबायचं नाही अशा गोष्टी: जुन्या टाक्यांतून पाणी किंवा पू, ताप आणि लाल गरम सूज, अंगठा अचानक वर उचलता किंवा वाकवता न येणं, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसत जाणं. आणि पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट मोडलेलं असेल तर दुखणं असो-नसो, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या.

डॉक्टरकडे जाताना मोडल्या दिवशीचा फोटो सोबत न्या. सगळ्यांत मोलाचा तोच, आणि बहुतेक घरांत तोच हरवलेला असतो. हाड किती चेपलं होतं, चीर सांध्यापर्यंत गेली होती का, अल्नाचं टोक तेव्हा कुठे होतं, हे नंतरच्या कुठल्याही फोटोत दिसत नाही. जुन्या फिल्म गादीखाली ठेवू नका, पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात. दिवसा खिडकीच्या काचेला लावून, फ्लॅश बंद करून मोबाइलने फोटो काढा, आणि फिल्मवरचं नाव, तारीख, डावा-उजवा ही खूण त्यात येईल असं बघा.